अक्षरानं लावलेलं टायमिंग

व्हॅन दारात येऊन थांबली तेव्हा देवाप्पा अंगणात पाठमोरा बसून दाढी करत होता. त्याला ती ऐकू आली नाही. आरशाच्या कोपऱ्यात मळकट पांढरा पत्रा सरकला, तेव्हा त्यानं मान वळवली.

ज्या माणसानं चाळीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी आलेली गाडी न बघता ओळखली, तिचा कुठला प्लग मेलाय ते बसल्या जागेवरून सांगितलं, त्याच्या पाठीमागं दहा फुटांवर पेट्रोल इंजिन धडधडत होतं आणि त्याला ते आरशात दिसलं.

ही गोष्ट त्यानं घरात सांगितली नव्हती. बारीक आवाज जाऊन दोन वर्षं झाली होती. मोठे आवाज यायचे, माणसाचं बोलणं समोरून यायचं. त्याच्या बायकोला, बायडाबाईला वाटायचं, म्हातारा मुद्दाम ओ देत नाही. ती तसं बोलून दाखवायची आणि तो ते बोलून घ्यायचा.

व्हॅनमधून अक्षरा उतरली. देवाप्पाची एकुलती एक मुलगी, वय एक्केचाळीस, बेळगावच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दुसऱ्या बाजूनं तिचा नवरा भीमरत्न उतरला. तो बँकेत अधिकारी. निपाणीच्या या गल्लीत त्यांची नेहमीची मोटार सगळ्यांच्या ओळखीची होती. हे धूड कुणी बघितलं नव्हतं.

"मामा, दाढी पुरी करा आधी," भीमरत्न म्हणाला. "अर्ध्या दाढीवर डॉक्टरनं पेशंट बघू नये."

व्हॅन पंचेचाळीस वर्षांची होती. मद्रासकडची बनावट, ती कंपनी आता नाही. पेट्रोल इंजिन, तेही पुढच्या दोन सीटच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. आधी तिच्यातून शाळेची पोरं गेली, मग फुलांच्या पाट्या गेल्या. नंतर खानापूरच्या कुणा हौशी माणसानं मागं फळ्यांचा पलंग, कपाट आणि दोन शेगड्यांचा ओटा बसवला. त्याची हौस फिटली आणि ती भीमरत्नला लागली. येत्या शनिवारी दोघं कणकुंबीला जाणार होते. जंगलात गाडी उभी करायची, तिच्यातच झोपायचं, तिच्यातच चहा करायचा.

"तर मग अडचण काय हाय?" देवाप्पानं तोंड पुसत विचारलं.

"चढाला लागली की आतनं कायतरी वाजतंय. खडी भरलेला डबा हलवल्यासारखं. आणि जीव जातो तिचा. बेळगावात चार गॅरेजं झाली, मामा. एकजण म्हणाला, साहेब, स्कॅनर कुठं लावायचा ते दाखवा. मी म्हटलं, बाबा रं, ही स्कॅनरच्या आज्जीच्या लग्नातली हाय."

कट्ट्यावर बसलेला मष्णू हसला. मष्णू आणि देवाप्पा तीस वर्षं एकाच गॅरेजात खपले होते. आता मष्णू रोज सकाळी कट्ट्यावर येऊन बसायचा आणि चहा पिऊन जायचा.

"देवा, हे टायमिंगचं दुखणं दिसतंय," मष्णू म्हणाला.

देवाप्पानं मान हलवली. त्यालाही तेच वाटलं होतं. पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो, तो वाजतो. तसंच दामटत राहिलं तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं. उशिरा पडली तर गाडी तापते आणि मढ्यासारखी चालते. ती वेळ जुळवणं म्हणजे टायमिंग. त्याला यंत्र लागत नाही. दोन पाने, एक पातळ पट्ट्यांचं गेज, दोन वायरींचा बारा व्होल्टचा बल्ब आणि घाई न करणारा माणूस, एवढ्यावर भागतं.

देवाप्पानं पत्र्याची पेटी बाहेर आणली. पाने पुसून जुन्या पोत्यावर ओळीनं मांडले. मग मुलीकडं बघून म्हणाला, "अक्षरा, ये. तू लाव."

"मी?" अक्षरा हसली. "आप्पा, माझ्या हाताला यंत्र लागत नाही. तुम्हीच म्हणाला होता."

ती हे सहज बोलली. कुकरची शिट्टी बिघडली, पंख्याचं बटण तुटलं, की ती हेच बोलायची. भीमरत्ननं ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्यानं तिकडं लक्षही दिलं नाही. मष्णू मात्र खाकरला आणि रस्त्याकडं बघत बसला.

कारण ते वाक्य जन्मलं तेव्हा मष्णू तिथं होता.

अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. अक्षरा तेरा वर्षांची होती. शाळा सुटली की दप्तरासह गॅरेजात यायची आणि उलट्या टायरवर बसून अभ्यास करायची. अभ्यास कमी आणि बघणं जास्त. देवाप्पानं तिला कधी शिकवलं नाही. त्याची आई तंबाखूच्या वखारीत चाळण मारून खोकत गेली. बापानं वखारीतलीच पोती वाहिली. देवाप्पा तिथून निघून गॅरेजात आला, हात काळे झाले पण छाती साफ राहिली. पुढच्या पिढीचे हात काळेही होणार नाहीत असं त्यानं ठरवलं होतं. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली तिची पुस्तकं असायची आणि त्या फळीला ग्रीसचा हात लावायची कुणाला मुभा नव्हती.

त्या आठवड्यात अक्षरा आईला म्हणाली होती, "मला शाळेपेक्षा गॅरेजातच बरं वाटतं. मी शाळा सोडते." बायडाबाईनं ते रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. देवाप्पाचा घास तोंडातच राहिला.

दोनच दिवसांनी बोरगावच्या मारुतीरावांची पेट्रोल जीप आली. देवाप्पानं ठिणगी पाडणारे पॉइंट बदलले आणि टायमिंग लावायचं बाकी ठेवून जेवायला घरी गेला. परत आला तर बॉनेटखाली पोरगी. हातात बल्ब.

"देवा, मी हात लावलेला न्हाय हं," मष्णू दुरूनच ओरडला. "सगळं तिनं केलंय. बघ तर."

देवाप्पानं बघितलं. पुलीवरची खूण इंजिनावरच्या काट्यासमोर होती. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर पहिल्या सिलिंडरकडं. पॉइंटची फट गेजनं मोजली, बरोबर. इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं. खूण काट्यावर आली आणि त्याच क्षणी बल्ब लागला. म्हणजे ठिणगी नेमक्या वेळेला पडत होती, केसाचा फरक नव्हता. आवळताना डिस्ट्रिब्युटर हलला तर कळावं म्हणून तिनं दप्तरातलं कर्कटक काढून त्याच्या बुडावर एक बारीक रेघ ओढली होती आणि तिच्यासमोर इंजिनावर दुसरी. ही युक्ती देवाप्पाची नव्हती. तिची होती.

आधी त्याला अभिमान वाटला. मग त्याला आईचं खोकणं आठवलं.

"चुकलंय," तो म्हणाला.

"कुठं?"

त्यानं पाना उचलला. बोल्ट ढिला केला. डिस्ट्रिब्युटर इकडं फिरवला, तिकडं फिरवला, आणि तिनं ठेवला होता तिथंच आणून आवळला. कारण दुसरीकडं ठेवला असता तर काम वाईट झालं असतं आणि वाईट काम त्यानं गिऱ्हाइकाला दिलं नसतं.

"तुझ्या हाताला यंत्र लागत न्हाय, बाळा. पुस्तकं धर."

संध्याकाळी मारुतीराव जीप घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, देवाप्पा, गाडी पळते बघा नुसती. ती शाबासकी देवाप्पानं घेतली. अक्षरा परत गॅरेजात आली नाही. तालुक्यात तिसरी आली, पुढं शिकत गेली, नोकरीला लागली. मष्णूनं तेव्हा एकदाच विचारलं होतं, "सांगणार हाईस का तिला कधी?" आणि देवाप्पा म्हणाला होता, "दहावी होऊ दे." दहावी झाली, बारावी झाली, एमए झालं, लग्न झालं. सांगायचं राहून गेलं असं त्याला वाटायचं. खरं तर त्यानं ते रोज ठेवून दिलं होतं.

आज त्यानं मनात हिशेब मांडला होता. तिच्याकडून टायमिंग लावून घ्यायचं. हात चालतात हे तिचं तिलाच दिसेल. मग ते जुनं काढायची गरज पडणार नाही.

"चुकलं तर मी हाय न्हवं," तो म्हणाला. "ये हिकडं."

"जा गं," भीमरत्न म्हणाला. "मी व्हिडिओ काढतो."

"भीमरत्न, तू आत चल," बायडाबाईनं दारातून हाक दिली. "पोहे निवायला लागलेत. जावयानं उभं राहून मोबाइल नाचवायचा असतो व्हय?"

भीमरत्न आत गेला. झाकण उघडलं. अक्षरानं पदर खोचला.

देवाप्पानं एकच काम करायचं ठरवलं, हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. तिनं पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला, दुसऱ्या हातानं पुलीचा नट पान्यानं फिरवू लागली. आतली हवा अंगठ्याला ढकलेपर्यंत फिरवायचं, हे तिला सांगावं लागलं नाही. हवा आली. मग हळू. खूण काट्याच्या पुढं गेली तशी तिनं पाना उलटा फिरवायला घेतला, आणि स्वतःच थांबली.

"उलटं आणायचं नाही ना? दात्यातली ढिलाई येते."

"व्हय. पुन्हा फेरा मारून ये."

तिनं दोन फेरे पुन्हा मारले आणि खुणेवर थांबली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. पॉइंट जळून काळे झाले होते, फट बोटभर वाटावी इतकी मोठी. देवाप्पाच्या पेटीत नवे पॉइंट निघाले. तिनं गेजची पट्टी घातली, स्क्रू आवळला, पट्टी पुन्हा घातली. मग स्क्रू सोडून परत लावला. मग परत एकदा.

"पहिल्यांदाच बरोबर हुतं," मष्णू म्हणाला.

"असू दे, काका."

शेवटी बल्ब. एक वायर कॉइलला, एक पत्र्याला. चावी फिरवली. बोल्ट ढिला करून तिनं डिस्ट्रिब्युटर रोटर फिरतो त्या बाजूला नेला, बल्ब विझला. मग उलट बाजूला, श्वास धरून, तसूतसूनं. बल्ब लागला तिथं हात थांबला. बोल्ट आवळला. इंजिन फिरवून बघितलं, खुणेवर बल्ब. पुन्हा फिरवलं, खुणेवर बल्ब. पुन्हा.

"आप्पा, बरोबर आहे?"

"हाय."

"नक्की?"

"हाय म्हटलं की."

प्लग बसवला, गाडी सुरू केली. मष्णूनं आवाज ऐकून बोटानं छान अशी खूण केली. देवाप्पानं मष्णूचं बोट बघितलं.

पण जागेवर लावलेलं टायमिंग चढावर तपासावंच लागतं. पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलं नाही, पुस्तकातली खूण जशीच्या तशी चालेल याचा भरवसा नाही. त्यासाठी तवंदीचा घाट होता. निपाणीतून संकेश्वरच्या वाटेला लागलं की समोरच. देवाप्पानं हजार गाड्या तिथं ऐकल्या होत्या. वरच्या गिअरमध्ये चढाला लावायची, पाय दाबायचा आणि कान द्यायचा. खडी वाजली तर ठिणगी केसभर मागं, म्हणजे उशिरा न्यायची.

"चला, तुम्ही ऐका," अक्षरा म्हणाली. "मी चालवते."

देवाप्पा तिच्या शेजारी बसला. दोघांच्या मधे इंजिनाचं झाकण. घाट लागला. अक्षरानं गिअर तसाच ठेवून पाय दाबला. झाकण थरथरू लागलं, त्याच्या गुडघ्याला ऊब लागली. उसाचा एक ट्रक मागं पडला.

"आप्पा, वाजतंय का?"

तो समोर बघत राहिला.

"आप्पा. वाजतंय का?"

न्हाय, असं म्हणणं सोपं होतं. एक शब्द. खरंच वाजत नसेल तर तो खराही ठरेल. वाजत असेल तर शनिवारी कणकुंबीच्या चढावर, जंगलात, पिस्टन जाईल आणि ती म्हणेल, मी लावलं होतं ना, जाणारच. त्यानं झाकणावर तळहात टेकवला. हाताला सगळंच थरथरतं लागलं. त्यातलं काही कळेना.

"मला ऐकू येत न्हाय," तो म्हणाला.

"काय?"

"बारीक आवाज येत न्हाईत. दोन वर्षं झाली. आईला सांगू नको. तू ऐक आणि तू सांग."

"मी? मला काय कळतंय त्यातलं? आप्पा, तुम्हाला माहीत आहे माझ्या हाताला…"

"गाडी बाजूला घे."

तिनं घेतली. इंजिन बंद केलं. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येकाच्या वाऱ्यानं व्हॅन हलत होती. देवाप्पानं तिच्याकडं तोंड केलं, कारण उत्तर ऐकायला त्याला तिचे ओठ दिसायला हवे होते.

"मारुतीरावांची जीप आठवते?"

"आठवते."

"तू लावलेलं बरोबर हुतं. मी ते सोडलं आणि तिथंच परत लावलं. चुकलंय म्हणून खोटं बोललो."

अक्षरा म्हणाली, "रेघ रेघेवर होती."

"काय म्हणालीस?"

"तुम्ही आवळलंत तेव्हा माझी रेघ माझ्या रेघेवर होती. मी बघितलं होतं, आप्पा."

"मग तवाच बोलली का न्हाईस?"

"तुम्ही खोटं कशाला बोलाल? मला वाटलं, मलाच नीट दिसत नाही. त्या महिन्यात मी चष्मा मागितला होता, आठवतं?"

त्याला आठवलं. पोरगी हट्टाला पेटली होती, मला चष्मा पाहिजे. त्यानं अर्धा दिवस काम सोडून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टर हसले होते, डोळे गरुडासारखे आहेत म्हणाले होते. वाटेत देवाप्पानं तिची चेष्टा केली होती, मैत्रिणीचा बघून हवा झाला व्हय गं चष्मा? त्यानं तिला बुंदीचा लाडू घेऊन दिला होता.

"तेव्हापासून मी काहीच एकदा बघून सोडत नाही," अक्षरा म्हणाली. "कुलूप, गॅस, पेपर तपासले तर मार्कांची बेरीज. भीमरत्नला वाटतं, मी फार काटेकोर आहे. तो कौतुकानं सांगतो लोकांना."

"तू शाळा सोडतो म्हणालतीस."

"तेरा वर्षांची होते. तेरा वर्षांचं पोर सर्कशीत जातो म्हणतं. शाळा सोडायची नाही, एवढं सांगायचं. मारायच्या दोन. मी सोडणार होते काय?"

"सोडली नसतीस," देवाप्पा म्हणाला. हे त्याला आधीही माहीत होतं.

"मग?"

त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. नको म्हणायचं तर रोज म्हणावं लागलं असतं. समजवावं लागलं असतं, रुसवा सोसावा लागला असता, शाळाही कर आणि रविवारी गॅरेजातही ये, असं काहीतरी बसवून द्यावं लागलं असतं. ते वर्षा-दोन वर्षांचं काम होतं. खोटं अर्ध्या मिनिटात झालं. आयुष्यात त्यानं कुठलंही काम अर्ध्या मिनिटात उरकलं नव्हतं. तेवढं एक उरकलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते भरले नव्हते. तिनं हात पुढं केला.

"पाना द्या."

"वाजत हुतं?"

"वाजत होतं. कमी होतं, पण होतं. वरच्या वळणापाशी."

तिनं झाकण उघडलं. चिंधी घेऊन गरम डिस्ट्रिब्युटर धरला, बोल्ट ढिला केला, ठिणगी केसभर मागं नेली आणि आवळला. देवाप्पानं चिंधीचं टोक धरलं होतं. तिनं त्याला काही विचारलं नाही.

पुढून गाडी वळवून ती खाली आली, पुलाखालून फिरली आणि पुन्हा घाटाला लागली. पाय दाबला. व्हॅन मघापेक्षा सरळ चढली, हे देवाप्पाला पाठीला कळलं. वरचं वळण गेलं.

"नाही वाजत," अक्षरा म्हणाली. मग मान त्याच्याकडं वळली. "नाही ना वाजत?"

"मला इचारू नको, बाळा. तुला ऐकू आलं न्हवं?"

"आलं. म्हणजे, नाही आलं. वाजणं नाही आलं."

"मग झालं."

"एकदा परत बघते."

दुसऱ्यांदा गाडी खाली आली आणि वर गेली. तिची मान एका बाजूला कलली होती, कपाळाला आठ्या होत्या. गॅरेजात टायरवर बसलेली असताना ती असाच कान द्यायची. वर पोचल्यावर तिनं हूं म्हटलं, आणि परत खालची वाट धरली. तिसरा फेरा झाला. गाडी अचूक होती. देवाप्पाला हे तिच्या हातावरून, गाडीच्या ओढीवरून कळत होतं. मष्णू असता तर त्यानं बोट दाखवून मोकळं केलं असतं.

"बरोबरच आहे, आप्पा," ती म्हणाली. "माझी खात्री आहे." आणि तिनं चौथ्यांदा गाडी खाली वळवली.

पुरे, असं म्हणायला देवाप्पानं तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि समोरच्या दांडीला धरून बसला.